एक फंदा सुटला

४ डिसें. १९६६
कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर होऊन पाच महिने. आज सरांनी मला सेमिनार द्यायला सांगितला: पेशी प्रोटीन कसं बनवते. चांगला झाला तर बडोद्याला एम.एस्सी.साठी पत्र देणार. अप्पांना सांगायचं होतं. जेवताना तेच म्हणाले, "घरातली पहिली ग्रॅज्युएट झालीस. आता बस हो गया ना." मी ताटं उचलली, सांगायचं राहिलं.

७ डिसें.
माझ्या स्वेटरला आईला पानांची नक्षी हवी. ती वरच्या मजल्यावरच्या भाभीजींच्या मासिकात, आणि मासिक घराबाहेर जात नाही. "यहीं बैठके उतार लो, बेटा." चिठ्ठीवर उतरवली, तीन-तीन फंद्यांचे, म्हणजे टाक्यांचे, गट. खाली येऊन वाचत गेले. आईला अक्षर येत नाही, पण तिचे कान आणि सुया एकदम चालतात. सुलट, सुलट, उलट. लोकरीचा गुंडा पायाशी फिरतोय...

हेच की! डीएनए केंद्रकातून हलत नाही. आरएनएची चिठ्ठी बाहेर येते. तीन अक्षरं वाचली की एक अमिनो आम्ल, पुन्हा तीन, पुढचं. माझ्या आत आत्ता अशा किती आया विणत बसल्या असतील! ऊन उतरेपर्यंत तशीच बसून राहिले.

१० डिसें.
बाहीवरची पानं कलंडली. चिठ्ठीत एक फंदा माझ्याकडून सुटला, तिथून पुढचा प्रत्येक गट एकेक घर सरकला. आई: "तू वाचलंस तेच विणलं हो. बी.एस्सी. कोण, मी?" उसवायला निघाली. बाही हातातून ओढून घेतली. सेमिनारला हवी: चिठ्ठीतलं एक अक्षर गळलं की प्रोटीनही असंच बिघडतं.

१४ डिसें.
झाला. बाही फळ्यावर टांगली. सर जवळ आले, सुटल्या फंद्यावर बोट ठेवून कितीतरी वेळ उभे.
"कुणी विणली?"
"आईनं. मी चुकीचं वाचलं, सर."
हसले. पत्र दिलं!
कृष्णपुऱ्याच्या पुलावरून चालतच घरी. काठावरच्या दगडी छत्र्या पाण्यातल्या प्रतिबिंबात हलत होत्या. मीही.

१५ डिसें.
पत्र अप्पांना दिलं. दोनदा वाचलं, घडी करून खिशात ठेवलं. "बघू." सायकल काढून गेले.

आईनं नवी बाही विणायला घेतली. दुरुस्त चिठ्ठी वाचत होते, मधेच सुया थांबल्या.
"बडोद्यात थंडी पडते का गं?"
"माहीत नाही."
"मग बाही मनगटापर्यंत करते. वाच."
सुलट, सुलट, उलट. अप्पांची सायकल अजून दारात आलेली नाही.