फवाऱ्याच्या वेळा

३ मार्च, सोमवार

रोज शंभर लिटर. बस्स! बाईंनी — आमच्या प्राणिसंग्रहालयाच्या अधीक्षकांनी — आज सगळ्यांना उभ्या उभ्या सांगून टाकलं. धरण तळाला गेलंय. सरपटणाऱ्यांच्या दालनाला शंभर लिटर, फवाऱ्यांसकट. "तुमचे सरडे काय हत्तीएवढं पितात?" सगळे हसले. मीही हसले. का हसले?

आमचे नऊ घोयरे वाटीतलं पाणी पीतच नाहीत. रंग बदलतील, दोन डोळे दोन दिशांना फिरवतील, पण समोर ठेवलेली वाटी त्यांना दिसत नाही. पानावर थेंब चमकला तरच जीभ लावतात. ते थेंब पाडायला पिंजऱ्यांच्या छतांना चाळीस तोट्या, एक पंप, एक टायमर. दिवसातून आठ वेळा, तीन-तीन मिनिटं. कुणी बटण दाबायला नको. वेळा मीच लावलेल्या.

घरी आईला सांगितलं. "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" म्हणाली, आणि भांडी विसळलेलं पाणी कुंडीत ओतलं.

४ मार्च

एका तोटीखाली मापाचं भांडं धरलं. मिनिटाला शंभर मिली. म्हणजे चाळीस तोट्यांचे दिवसाला जवळजवळ शंभर लिटर — नुसते फवाऱ्याचे! आणि तोट्या क्षारांनी बुजू नयेत म्हणून ते पाणी आधी गाळून घेतो. गाळायचं यंत्र एक लिटर देताना दोन लिटर गटारात सोडतं. म्हणजे तीनशे. पाच वर्षं रोज तीनशे. पाच वर्षांत एकदाही मी खाली भांडं धरून बघितलं नव्हतं.

५ मार्च

सहा तोट्या ठिबकत होत्या, वायसर बदलले. गाळणीचं वाया जाणारं पाणी पिंपात धरलं, फरशी आता त्यावरच. तरी भागत नाही. फवाऱ्यांचा हात आखडताच घ्यावा लागणार.

७ मार्च

जिवावर आलं, पण केलं. आठाच्या दोन वेळा. सकाळी दिवे लागायच्या आधी चार मिनिटं, संध्याकाळी तीन. मधला सगळा दिवस कोरडा. दुपारी पानं खडखडीत वाळलेली. 'म्हातारी' — सगळ्यांत थोरली घोयरी — मान वर करून तोंड उघडं टाकून बसली होती. ती तशी नेहमीच बसते. तरी आज वाटलं, पाणी मागतेय.

११ मार्च

अजून तरी कुणी दगावलं नाही.

१६ मार्च, रविवार

सुट्टी होती, तरी गेले. म्हातारीचं तोंड मिटलेलं! श्वास घेताना तिचा टक् टक् आवाज यायचा. आज जाळीला कान लावून बसले. काही नाही. अगदी शांत. आणि सकाळच्या फवाऱ्यात सगळे कसे अधाशासारखे पीत होते — आधी पाणी पडलं की तोंड फिरवायचे. मी समजायचे, लाडावलेत.

१९ मार्च

डॉक्टर तपासून गेले. गेल्याच वर्षी आलेत, तरुण आहेत, फार बोलत नाहीत. म्हातारीचा घसा पाहिला, पुन्हा पाहिला.

"औषध कुठलं दिलंत?"

"काहीच नाही. पाणी तोडलं."

ते हसले नाहीत. म्हणाले, "भिजायचं, प्यायचं, मग पूर्ण वाळायचं, असं हवं यांना. सतत ओलं राहिलं की छाती धरते. यांना वाळायला वेळच मिळत नव्हता."

मी विचारलं, "त्यानं मरतात?"

"मरतात की."

पुढचं मला ऐकू आलं नाही.

२० मार्च

लिहूनच टाकते. इथे तरी.

हे दालन मास्तरांचं होतं. शाळामास्तर नव्हेत — आम्हा सगळ्यांना काम त्यांनी शिकवलं म्हणून मास्तर. हातपंपाने फवारायचे, सकाळ-संध्याकाळ. पंप आणि टायमर आला तेव्हा ते म्हणाले, "ही कळ माझ्या डोक्यात शिरायची नाही, तूच लाव." मी आठ वेळा लावल्या. जास्त ते चांगलं, असं वाटलं! महिन्याभराने म्हणाले, "पोरी, फार भिजतायत. दुपारचं तरी बंद कर." पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. तेव्हा मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं — "मास्तर, हातपंपाचा जमाना गेला." चार लोकांसमोर. ते नुसते मान हलवून गेले.

मग घोयरे मरायला लागले. चार महिन्यांत अकरा. चौकशी बसली. मला आत बोलावलंच नाही. बाहेर एवढंच कळलं — टाकीत शेवाळ, निष्काळजीपणा, मास्तर दोषी. निवृत्तीला दोन वर्षं असताना त्यांना घरी पाठवलं. निरोपाचा चहासुद्धा नाही. माझी नोकरी त्याच महिन्यात कायम व्हायची होती. मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. शेवाळानेच मेले असतील, असं स्वतःला समजावलं. टाकी तर मी घासून लख्ख केली, आणि उरलेले काटक तेवढे तगले. टायमर तसाच राहिला.

२३ मार्च, रविवार

मास्तरांकडे गेले. चार वर्षांनी. दार काकूंनी उघडलं. "या" म्हणाल्या नाहीत, पण दारातून बाजूला झाल्या.

मास्तर खिडकीपाशी सायकलचं पंक्चर काढत होते. केस पार पांढरे. माझ्याकडे वर बघितलंही नाही.

"टायमर किती वेळा लावलायस?"

पहिला प्रश्न हा! मी म्हटलं, "दोनदा."

त्यांनी ट्यूब खाली ठेवली. "वाळतात मग आता."

"वाळतात. म्हातारी तोंड मिटून बसते."

"पितात कसे?"

"अधाशासारखे."

किती हसले! मग खोदून खोदून विचारत बसले — कुठली तोटी कुठे वळवली, गाळणीचं पाणी कसं धरलं. अर्धा तास. मला बोलूच देईनात. शेवटी मी मध्येच म्हटलं, "मास्तर, ते अकरा माझ्यामुळे गेले. मी बाईंना तसं लिहून देणार आहे."

एकदम चेहरा उतरला. "काही लिहायचं नाही."

"पण तुमच्यावरचा डाग—"

"माझा डाग मी बघीन. झालं ते झालं. शपथ आहे तुला."

शपथ? मास्तर कधी कुणाला शपथ घालत नाहीत. काकू आतून म्हणाल्या, "लिहू दे की तिला!" ते त्यांच्यावर खेकसले. मी चहा न घेताच निघाले. कळेना, माणूस स्वतःचं नाव धुवायला नको का म्हणतो?

२५ मार्च

शपथ मोडली. दीड पान. "फवाऱ्याच्या आठ वेळा मी ठरवल्या. मास्तरांनी दोनदा सांगूनही बदलल्या नाहीत." आईला वाचून दाखवलं. ती मग म्हणाली, "नोकरी गेली तर जाऊ दे. हे जेवताना आडवं येत होतं तुला." तिला ठाऊक होतं?

बाईंच्या टेबलावर ठेवलं. "जुनी फाईल मागवते," एवढंच म्हणाल्या.

२७ मार्च, गुरुवार

बाईंनी बोलावलं. फाईल माझ्याकडे सरकवली. चौकशीत एक प्रश्न होता: यंत्राच्या वेळा कोणी ठरवल्या? खाली मास्तरांचं ते गोल गोल अक्षर — "मीच. मदतनीस मुलीने त्या कमी करू म्हणून मला दोनदा सांगितले होते. मी ऐकले नाही."

बाई म्हणाल्या, "दोघांची सही आहे. खोटं कोण बोलतंय?"

मी म्हटलं, "मास्तर."