एक एप्रिलच्या आत

खामगाव, ८ ऑगस्ट १९२८

सही केली! बायकांच्या सभेतून दिल्लीला अर्ज जायचा आहे — मुलीचं चौदाच्या आत लग्न करू नये, असा कायदा व्हावा म्हणून. नाव लिहिताना आधी टाक खाली ठेवला. मग वाटलं, कायदे काय आकाशातून पडतात? माणसंच करतात ना! घरी सासूबाईंना सांगितलं, देवळात गेले होते.

२ ऑक्टोबर १९२९

कायदा झाला! ह्यांनी वर्तमानपत्रातून वाचून दाखवला, कपाळाला आठ्या घालून. मी आनंद पोटात ठेवून पोळ्या लाटत बसले. दोन करपल्या. आमची कोकिळा दहाची. चार वर्षं शाळा पक्की!

९ फेब्रुवारी १९३०

कसली पक्की! कायदा लागू व्हायचा एक एप्रिलला. तोवर जो तो पोरी उजवून मोकळा होतोय. आमच्याकडेही ठरलं — दुसरबीडचं स्थळ, मुलगा बावीसचा, मुहूर्त चोवीस मार्च. मी कायद्याचं नाव काढलं तर हे म्हणतात, "त्याच्या आतच करून राह्यलो ना! मग गुन्हा कसा?" कचेरीतले कारकून, कलमं तोंडपाठ. पण न्याय? एक एप्रिलला जे वाईट, ते चोवीस मार्चला चांगलं कसं? फार रडले.

२३ मार्च

आज देवक बसायचं होतं. पहाटे उठले ती सरळ बाहेरच्या पडवीत जाऊन बसले. म्हटलं, कावळा शिवला. धडधडीत खोटं! पाप लागलं तर लागो. मुलीची आईच बाहेरची, मग देवक कसलं? हे चिडले — "काका-काकू बसतील!" तशा सासूबाई गरजल्या, "माय जित्ती असताना दुसऱ्याच्या हातून कन्यादान? मले नाही चालत!" त्यांचं सोवळं जन्मात पहिल्यांदा गोड वाटलं. पुढचा मुहूर्त थेट वैशाखात — एक एप्रिल उलटल्यावर!

१ एप्रिल

कायदा लागू! ह्यांनी आपणहूनच दुसरबीडला नकार कळवला — नोकरीची भीती. कोकिळा शाळेत गेली. पाटी विसरून गेली, वेंधळी!

२ एप्रिल

दुपारी आम्ही दोघी डाळ निवडत होतो. सासूबाई हळूच म्हणाल्या, "तुले त्या दिवशी काही झालं नव्हतं. मले ठाऊक होतं." त्या सुपातून नजर न काढता म्हणाल्या, "माह्यं लगन सातव्या वर्षी झालं. चौदाच काऊन? सोळा काऊन नाही? त्याच्यासाठी कोणाले सांगा लागते?"