शेवटची वीतभर रेघ

४ जानेवारी

चि. टिल्लू,
अ. उ. आ. तू आजोबा झालास तरी पाकिटावर मी टिल्लूच लिहिणार. पोस्टमनला काय वाटायचं ते वाटो.

बातमी अशी, की तुझ्या बहिणीनं त्रेसष्टाव्या वर्षी पुन्हा स्केटिंगचे बूट चढवले आहेत. साठीपुढच्यांची स्पर्धा आहे दहा मार्चला, त्यात नाव घातलंय. पहिल्या दिवशी बर्फावर उतरले आणि कठड्याला अशी चिकटले, की तिथल्या पोरींना वाटलं, कठडा दुरुस्त करायला बाई आल्यात. आता मात्र सुटलेय. शिवायला टाकणाऱ्या बायका विचारतात, गुडघ्याला हा पट्टा कसला. मी सांगते, नवीन फॅशन आहे.

आणि ऐक, ती कोपऱ्यावरची औषधवालीही उतरतेय! चाळीस वर्षांपूर्वी तिला मी एका गुणानं मागं टाकलं, ते माझ्या लुट्झ उडीवर. उडी खोटी आहे म्हणून ती तेव्हा गावभर सांगत सुटली होती. जळकी मेली. तिच्या नाकावर टिच्चून तीच उडी पुन्हा मारणार आहे. उंची पूर्वीच्या निम्मी झालीय, पण तोरा दुप्पट. फोनवर व्हिडिओ पाठवलाय. तू चष्मे करणारा माणूस, बारीक नजरेचा. चुका काढायच्या तर काढ, पण कौतुक आधी कर.

घरच्यांना आशीर्वाद. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी अक्का

१३ जानेवारी

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि. कौतुक आधी: या वयात मी मोजा घालताना खुर्ची शोधतो आणि तू हवेत गिरक्या घेतेस. घरात सगळ्यांना दाखवलं. नातीनं विचारलं, ही आजी मुद्दाम उडाली की घसरली? मी ठासून सांगितलं, मुद्दाम.

आता दुसरी गोष्ट. व्हिडिओ मी अगदी सावकाश करून पाहिला, दुकानात गिऱ्हाईक ताटकळत ठेवून. तुला ठाऊकच आहे, पात्याला दोन धारा असतात, आतली आणि बाहेरची. लुट्झला मागं सरकत यायचं आणि डाव्या पायाच्या बाहेरच्या धारेवरून उडायचं. तू येतेस बाहेरच्याच धारेवर, अगदी राणीच्या थाटात. पण उडायच्या क्षणी तुझा घोटा आत कलतो आणि तू आतल्या धारेवरून सुटतेस. त्यानं उडी सोपी होते, पण ती लुट्झ राहत नाही. हल्ली परीक्षकांपुढं सावकाश चालणारा कॅमेरा असतो. गुण कापतील.

औषधवाली तेव्हा खोटं बोलत नव्हती, असं लिहायला हात धजत नाही, म्हणून लिहीत नाही.

राग धरलास तरी चालेल, फक्त पत्र थांबवू नकोस.
तुझा टिल्लू

२२ जानेवारी

चि. टिल्लू,
अ. उ. आ. आधी वाटलं, याच्याच चष्म्याचा नंबर वाढलाय. दोन दिवस तुला मनातल्या मनात काय काय बोलले, ते आशीर्वादाखाली लिहिता येणार नाही.

मग ठरवलं, तुला तोंडावर पाडायचं. सकाळी बर्फ नुकता गुळगुळीत केलेला असतो, तेव्हा गेले. एकच उडी मारली. उतरले आणि मागं जाऊन गुडघ्यांवर बसले. पात्याचा ओरखडा दिसत होता. त्यावरून लाल लोकरीचा धागा बसवत नेला, वर कपडा बेतायचा पातळ कागद ठेवला आणि खडूनं रेघ उतरवून घेतली. राखणदार येऊन विचारून गेला, कानातलं पडलं का. म्हटलं, नाही हो, नाक पडतंय की काय ते बघतेय.

पडलंच. बाहीचा मुंढा कापावा तशी रेघ बाहेर वळत सुरेख येते आणि शेवटच्या वीतभरात गपकन आत शिरते. एवढी वर्षं लोकांचे मुंढे कापले, पण स्वतःचा कधी मापला नाही. कागद घडी घालून सोबत पाठवतेय, खऱ्या मापाचा आहे.

पण टिल्लू, मग तेव्हाचं ते पहिलं पदक? चाळीस वर्षं त्या बाईला मी जळकी म्हणत आले. डोकं दुखलं तर तिचं दुकान ओलांडून दोन गल्ल्या पुढं जाऊन गोळी आणायचे, आणि तेवढ्या चालण्यानं जास्त दुखायचं.

मला शिकवायला कुणी नव्हतं. तू धाकटा, तरी तुझ्या मागं मागं, तू बर्फावर काढलेल्या रेघेवर पाय ठेवत मी शिकले. तेव्हा खरं काय ते लिही.
तुझी (सध्या रागावलेली तरी तुझीच) अक्का

२ फेब्रुवारी

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि. तुझा कागद घेऊन मी इथल्या बर्फावर गेलो. चाळीस वर्षांनी. उडी म्हणवत नाही, बेडकानं मध्येच विचार बदलावा तसं काहीतरी झालं. पण रेघ उतरवून आणली. दोन्ही कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले. अक्का, शेवटचं वळण तंतोतंत जुळलं.

कारण सांगतो. माझे बूट बाबांचे होते, दोन मापं मोठे. उजव्यात चिंध्या कोंबून भागायचं, पण डाव्याचं घोट्याजवळचं कातडं ढिलं पडलं होतं. पाय आत कलायचाच. तुझे बूट अगदी तुझ्या मापाचे, तरी तू माझ्या पायाबरोबर बाबांच्या बुटाची खोडही उचललीस. अशी आज्ञाधारक बहीण कुणाला मिळते!

आणि एक. चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या स्पर्धेला मी कठड्यापाशी उभा होतो. तुझा घोटा कलताना मला दिसला होता. टाळ्या एवढ्या वाजत होत्या, की मीही वाजवल्या.

आता काय करायचं ते तू ठरव. तशीच उडी मारलीस तर ती कदाचित खपेलही आणि पहिली येशील. सरळ करायला निघालीस तर पाच आठवड्यांत चाळीस वर्षांची सवय मोडायची आहे, पडशील. गप्प बसणारा भाऊ मी एकदा झालो, म्हणून दोन्ही लिहिलं.

जमेल तेव्हा माफ कर.
टिल्लू

१२ मार्च

चि. टिल्लू,
अ. उ. आ. पाच आठवडे रोज लाल लोकर, रोज कागद. मांड्यांवर इतके निळे डाग, की त्यांचं कापड विणलं तर खपेल.

परवा मी बाहेरच्या धारेवरूनच उडाले. उतरायचं एका पायावर असतं. मी दोन पाय आणि एक हात वापरला, दुसरा हात पुढच्या वर्षासाठी राखून ठेवला. चौथी आले. एकूण पाच जणी होतो आणि पाचवीची पाठ धरल्यामुळं ती उतरलीच नाही. पण गुणपत्रिकेत धारेच्या रकान्यात चुकीची एकही खूण नाही! तो कागद मी दुकानात मापाच्या टेपशेजारी टांगलाय.

औषधवाली पहिली आली. कपडे बदलायच्या खोलीत मी तिला सगळं सांगितलं, त्या वर्षीही तीच पहिली होती म्हणाले. तिनं बुटाची लेस सोडली. मग म्हणाली, एवढी वर्षं ही तक्रार जपली, तिच्या जोरावर तर सकाळी उठायचे, आता कशाच्या जोरावर उठू? मी म्हटलं, माझ्या बरोबरीनं सरावाला ये, रोज नवीन तक्रार देईन. तर बाई हसली आणि हळूच म्हणाली, माझ्याही एका उडीचा कागद काढून देशील का. दुसऱ्या दिवशी माझ्या पाठीचं मलम तिच्याच दुकानातून आणलं.

तुला माफ केलंय, पण शिक्षा आहे. पुढच्या वर्षी जोडीचीही स्पर्धा आहे, भावंडं चालतात. दोन्ही पाय कागदावर ठेव, भोवती पेन्सिल फिरव आणि पाठव. मोजे न घालता. इथं बूट करणारा ओळखीचा आहे. या वेळी तुझ्या मापाचे करून घेऊ.

वाट बघतेय, पत्राची आणि पायांची.
तुझी अक्का

२० मार्च

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि. पाय सोबत पाठवले आहेत. डाव्याची रेघ घोट्यापाशी जरा हललेली दिसेल. घोटा कलला नाही, पेन्सिल धरलेली तुझी भावजय हसत होती.

पाय सरळ आहे, अक्का. मी दोनदा बघितलं.
तुझा टिल्लू