दहाचा पाना

प्रिय दादा,

तू गाडीखाली शिरलेला, बाहेर फक्त तुझे पाय. आतून ओरडलास, "चिमणे, दहाचा पाना मागितला, बाराचा दिलास! कॉन्व्हेंटात आकडे शिकवत नाहीत का?" आठवतं?

तू गेल्यापासून आपली लाल स्पोर्ट्स कार मीच चालवत होते. आता डोळ्यांमुळे डॉक्टरांनी बंद केलंय.  सारखी गॅरेजात जाऊन नुसती बसून येते.

तुझा लेक म्हणतो, "आत्या, शोभेला ठेवू. म्हातारी गाडी कशाला पळवायची?" तुझ्या लेकीने मात्र गाडी सुरू करून बॉनेटला कान लावला. म्हणाली, "आवाज फाटतोय गं, कार्ब्युरेटर उघडूया." अगदी तुझ्यासारखी.

म्हणून गाडी लेकीला, झाकायचं कापड लेकाला. दहाचा पाना माझ्यापाशीच राहील. वर भेटलो की मागशीलच. या वेळी चुकणार नाही.

तुझी चिमणी