खालच्या बाजूची कुसळं

३ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू पाठवलेली आईच्या जुन्या टेबलाची फळी पोचली. देवाच्या कृपेनं कोपरासुद्धा चेपला नाही. तुझ्या कंपासनं पाडलेलं भोक अजून तसंच आहे. ते मी पाडलं असं सांगून तू मला मार खायला लावला होतास, हे लाकूड विसरलं असेल, मी नाही.

फळी कशाला मागितली ते सांगते, हसू नकोस. ह्यांनी निवृत्त झाल्यावर हौसेनं घेतलेलं नक्षीकामाचं करवतयंत्र दोन वर्षं चादर पांघरून बसलं होतं. ते आता मी चालवते. वीस तारखेला आई तुझ्याकडून माझ्याकडे राहायला येणार. अर्धांगाच्या झटक्यापासून तिचा उजवा पंजा मिटत नाही. डॉक्टर म्हणाले की येत्या दोन महिन्यांत बोटं चालवली तर चालवली, नाहीतर ती तशीच राहायची. आणि व्यायामाचा रबरी चेंडू तर ती डाव्या हातानं तुझ्या अंगावर फेकते म्हणे! म्हणून तिच्याच टेबलाचं, तुकडे उचलून जोडायचं कोडं करून देणार आहे. फळी एकच आहे. पात्यांची पाकिटं मात्र सहा आहेत आणि मला सगळी सारखीच दिसतात. जन्मभर सुतारकाम केलंस, तर कुठलं लावू तेवढं लिही.

लोभ आहेच. तो उपदेश न मिसळता पाठवावा.

तुझी धाकटी

७ ऑगस्ट

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

उपदेश मागवायचा आणि वर तो मिसळू नको म्हणायचं, हे तुलाच जमतं. भोक तूच पाडलं होतंस.

पाती म्हणजे सुयाच समज. दाभणानं रुमालावर वेलबुट्टी काढशील का? अगदी बारीक, दाट दात्यांचं पातं पातळ लाकडाच्या नाजूक वळणांसाठी. तुझी फळी बोटभर जाड आणि कडक आहे, तिच्यात ते तटकन तुटेल. नऊ नंबरचं रुंद पातं सरळ कापायला बरं, पण कोड्याच्या कानाकोपऱ्यांत ते वळत नाही. पिळाचं पातं चहूकडे कापतं म्हणून तुला मोह होईल. हात लावू नकोस, कड ओबडधोबड येते. तू पाच नंबर घे, त्यातही खालचे चार-दोन दाते उलटे असलेलं. त्यानं फळीची खालची बाजू फाटत नाही. दात्यांची टोकं खाली हवीत. ताण दिल्यावर बोटानं छेडलंस तर तारेसारखं वाजलं पाहिजे. आणि ढकलू नकोस. करवतीला तिच्या चालीनं जाऊ दे, जावईबापूंना जाऊ देत नाहीस तसं नको.

आई विचारते, धाकटीनं एवढ्यात काय आरंभलंय. मी विषय बदलला.

आशीर्वाद आहेत, बोटं सांभाळ.

दादा

१४ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

दादा, घात झाला. पहिले बारा तुकडे लोण्यासारखे कापले गेले. मी देवाचे आभार मानले, तुझेही थोडे मानले. दुसऱ्या दिवशी त्याच पाकिटातलं, त्याच पाच नंबरचं पातं लावलं, तर लाकूड काळं पडायला लागलं, धूर निघाला, रेघ सोडून पातं भलतीकडेच पळालं. पुढचे बारा तुकडे उलटून पाहिले तर खालून कुसळंच कुसळं, जसा काही दाढी न केलेला माणूस. ते बघून हे म्हणाले की हुबेहूब दादा. यंत्र तेच, हात तेच, पाकीट तेच, मग बिघडलं काय? दुसरी फळी कुठून आणू? आई सहा दिवसांनी येतेय.

ह्या वेळी उपदेश चालेल.

तुझी धाकटी

१७ ऑगस्ट

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

खरं सांग. पहिल्या दिवशीची झिजलेली पाती काढून तू पुसलीस, तेलाचा हात फिरवलास आणि परत त्याच पाकिटात ठेवलीस. होय ना? अगं, पात्याचं आयुष्य तासाभराचं. ते टाकायचंच असतं! नवी कुठली नि म्हातारी कुठली हे आता त्या पाकिटालाही सांगता यायचं नाही.

टेबलाचं बाकीचं लाकूड घर बदलताना गेलं, फळी खरंच दुसरी नाही. आहे तसं आईपुढे ठेव. इथे काल तिनं पाण्याचा पेला धरायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. तुझ्या कोड्यावर माझीही आशा आहे, एवढंच समज.

तुझा दादा

१४ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

होय, तेलसुद्धा लावलं होतं. आता पुन्हा विषय नको.

आईनं पहिल्याच दिवशी कोडं बाजूला सारलं. म्हणाली की मी काय तीन वर्षांची आहे का. आठवडाभर ते तसंच पडून होतं. मी रोज प्रार्थना केली आणि रोज तिच्या पुढ्यात तबक सरकवलं, तिनं रोज परत सरकवलं. मग एके दिवशी तिनं एक तुकडा सहज उलटा केला आणि तिची भिवई वर गेली. हे कुणी कापलं, असं विचारलं. मी खाली मान घातली. माझ्या टेबलाची ही दशा केलीस, असलं काम घेऊन चार लोकांत बसणार आहेस का, असं बरंच ऐकवलं आणि पॉलिशपेपर आणायला सांगितला.

डाव्या हातानं घासायला लागली, पण तुकडा जागेवर राहीना. मी धरायला गेले तर माझा हात झटकला आणि उजवा पंजा त्याच्यावर ठेवला. पहिले चार दिवस तुकडा रोज वीस वेळा खाली पडला. मी उचलून देत राहिले, ती मला बोल लावत राहिली. मग अंगठा आत वळला. मग दोन बोटं. गुळगुळीत बारा तुकड्यांकडे तिनं अजून ढुंकून पाहिलेलं नाही.

काल सगळी कुसळं गेली असं मी म्हणाले. तिला एक राहिलेलं सापडलं. ते दाखवायला तिनं मला जवळ बोलावून माझा कान धरला. उजव्या हातानं, दादा. चांगला पिरगळला. अजून दुखतोय.

तू आलास की तुझाही कान तयार ठेव. लोभ आहे तसाच असू द्यावा.

तुझी धाकटी