चित्र एकाला, आवाज दुसरीला

मी, जिला घरात आणि बाहेरही भिंगरी म्हणतात, राहणार सध्या ताईच्या शिवणाच्या दुकानावरची खोली, धंदा चित्रपट काढणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला ताप नाही, कोणी धाक घातलेला नाही, आणि चहाखेरीज मी काही घेतलेलं नाही. चहा एकडोळ्याने आणला होता. आधी त्यालाच प्यायला लावला.

या वयात हे लिहायचं कारण असं. उद्या सकाळी मी पाणबुड्या काकांबरोबर धरणाच्या तळाशी उतरणार आहे. काका धरणाच्या दारांत अडकलेले ओंडके काढतात. आमचा पहिला चित्रपट त्यांच्यावरच आहे. ते प्रत्येक बुडीआधी मृत्युपत्र लिहितात आणि वर आले की फाडून टाकतात. "लिहिलं की पोट हलकं होतं, आणि हलकं माणूस वर येतं," म्हणतात. काकांवर माझा विश्वास आहे, कारण त्यांना चित्रपटातलं काही कळत नाही.

कलम एक. 'तिसरी खुर्ची' ही आमची चित्रसंस्था. मालक दोघं, मी आणि एकडोळ्या. तो कॅमेरा चालवतो, त्यामुळे एक डोळा सदा मिटलेला. आमची भेट लग्नांच्या शूटिंगवर झाली. तो नवरानवरी टिपायचा आणि मी दिवा धरायचे, कधी कधी दिव्यासकट भलतीकडेच निघून जायचे. त्याआधी मी कुरिअर, सर्कशीची तिकिटं, मधमाश्यांच्या पेट्या असं बरंच काही केलं, शाळा सोडून. मधमाश्यांचं खरं तर सांगायला हवं, पण ते मृत्युपत्रात बसत नाही. तर, कार्यालयात खुर्च्या दोनच होत्या. पैसे घालणारा कोणी आला तर बसेल कुठे, म्हणून ताईकडून तिसरी मागून आणली. तो अजून यायचा आहे. संस्थेला नाव मात्र मिळालं. संस्थेतला माझा वाटा ताईला. खुर्ची मुळातच तिची.

कलम दोन. कपडे, पाठीवरची पिशवी आणि तंबू, जो कोणी आधी प्रवासाला निघेल त्याला. तंबूची चेन लागत नाही. आत्ताच सांगून ठेवते, मागाहून माझ्या नावाने खडे फोडू नयेत.

कलम तीन, आणि हेच मुख्य. आमच्या कामात चित्र वेगळं टिपतात आणि आवाज वेगळा. चित्र कॅमेऱ्याच्या डिस्कमध्ये, आवाज माझ्या डिस्कमध्ये. प्रत्येक शॉटच्या सुरुवातीला मी कॅमेऱ्यासमोर लाकडी पाटीची वरची पट्टी आपटते. पट्टी मिटलेली दिसते तिथे तो टक् आवाज बसवला की दोन्ही जुळतात. तेव्हा चित्राची डिस्क एकडोळ्याला आणि आवाजाची ताईला. दोघं एका टेबलाशी बसल्याखेरीज चित्रपट पुरा होणार नाही. शेवट मी टिपून ठेवला आहे तोच राहावा: काका वर येतात, हेल्मेट काढतात, काठावर बसतात आणि बोलत नाहीत. नुसता श्वास ऐकू येतो. त्या श्वासावर कोणीही काहीही चढवू नये.

कलम चार. ही वाटणी का, तेही लिहून ठेवते. एका वाहिनीच्या साहेबांना चित्रपट हवा आहे, पण श्वासाच्या जागी गाणं हवं, आणि काकांनी रडायला हवं. "प्रेक्षकाला रडायला जागा द्या हो," साहेब म्हणाले.

"रडायला कोपरे पुष्कळ आहेत, साहेब. हा तेवढा सोडा."

एकडोळ्या तेव्हा काही बोलला नाही. न बोलणाऱ्या माणसाची मला धास्ती वाटते. तेव्हापासून तो फोन उपडा ठेवतो. साहेबांबरोबर चहा पिताना खालच्या इस्त्रीवाल्याने त्याला पाहिलं आहे. कार्यालयाचं कुलूप त्याने बदललं, म्हणे गंजलं होतं. गंजलं होतं, मीही पाहिलं. पण कुलपाला गंजायला हीच वेळ सापडली का? शिवाय त्याला पाण्याची भीती वाटते, म्हणून उद्या कॅमेरा घेऊन मी उतरायचं. हाच माणूस पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर ओणवा होऊन शूटिंग करत होता. विचारलं तर म्हणतो, "ते पाणी खाली होतं."

ताईवरही माझा डोळे मिटून विश्वास आहे असं नाही. ती त्या डिस्कमध्ये गिऱ्हाइकांची मापं साठवेल. पण ताईला नाही म्हणता येतं. गिऱ्हाईक कितीही गयावया करो, ती मशीनवरची नजरही न उचलता "नाही जमणार" म्हणते. हा गुण आमच्या घरात तिच्यापाशीच संपला.

कलम पाच. लाकडी पाटी काकांना द्यायची होती. काका म्हणाले, "मला काही लिहू नकोस, मी साक्षीदार. ज्याला काही मिळायचं त्याने साक्षीची सही केली की त्याचा वाटा गेला. मी मेव्हण्याला बोट लिहून दिली होती, आणि पठ्ठ्या हौसेने साक्षीलाही बसला."

"मग?"

"मग मी वर आलो. तो अजून रुसलेलाच आहे."

पाटीही ताईलाच.

पुरवणी. दुसरा साक्षीदार इस्त्रीवाला ठरला होता. इस्त्री तापली आहे असं सांगून तो आलाच नाही. आला एकडोळ्या. काका तिसऱ्या खुर्चीवर बसले होते आणि त्यांचं हेल्मेट एकडोळ्याच्या खुर्चीवर, म्हणून त्याने उभ्यानेच सगळं वाचलं, कलम चारसुद्धा.

"फोन उपडा ठेवतो, कारण साहेबांचे फोन येतात," तो म्हणाला. "तुला दिसले तर खाशील मला."

"काय सांगतोस त्यांना?"

"बघू म्हणतो. दरवेळी बघू. मला नाही म्हणता येत नाही गं. चित्र माझ्याकडे आलं तर ते माझ्याच दाराशी बसणार, आणि एक दिवस मी हो म्हणणार." मग काकांकडे वळला. "सही केली की वाटा गेला, असंच ना?"

"असंच."

"ताईने जोडायला बोलावलं तर येईन. पण कामाला. मालक म्हणून नको."

त्याने माझ्या हातातलं पेन घेतलं. सबब कलम तीनमधली चित्राची डिस्कही आता ताईला. शेवट आहे तोच राहील.

काकांच्या रीतीप्रमाणे वर आल्यावर हा कागद फाडायचा आहे. सह्यांचा तुकडा मात्र मी ठेवणार. कारण विचारू नये.

लिहून देणार: भिंगरी

साक्षीदार पहिले: पाणबुड्या काका

साक्षीदार दुसरे: एकडोळ्या
(ही सही भागीदारीच्या करारावरच्या सहीशी ताडून पाहिली. खरी आहे. – भिंगरी)

स्थळ: तिसरी खुर्चीचं कार्यालय, शिवणाच्या दुकानावर
तारीख: बुडीच्या आदल्या दिवसाची, दुपार