दातातली शिट्टी

३ नोव्हेंबर, सोमवार
आज महाळुंग्याच्या दातांच्या दवाखान्यात रुजू झाले. पप्पांनी संत तुकाराम नगरातल्या आमच्या अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. दवाखाना छोटा, पण लख्ख. खाली हार्डवेअरचं दुकान, समोर कंपन्यांच्या बसची रांग. मालकीण उत्कर्षा मॅडम आठवड्यातून दोनदाच येणार, म्हणजे बाकी सगळं माझ्यावर. मदतनीस करिष्मा लातूरकडची, तोंडाची टकळी चालूच. शुक्रवारी सोपानकाका म्हणून एक पेशंट आहेत, त्यांची कॅप बसवायची आहे. जबड्यातला स्क्रू मॅडमनी उन्हाळ्यातच घातलाय, वरचा दात तेवढा मी लावायचा. माझी पहिलीच इम्प्लांटची कॅप!

७ नोव्हेंबर, शुक्रवार
सोपानकाका म्हणजे गावातले जुने बागाईतदार. खुर्चीत बसताच म्हणाले, “डॉक्टरीणबाई, ऊस खाता आला पायजे, न्हाईतर दात परत.” करिष्मा हसून हसून बेजार.
कॅप आवळायचा स्क्रू-ड्रायव्हर बोटाच्या पेराएवढा असतो. निसटला तर ओढून काढता यावा म्हणून तोंडात नेण्याआधी त्याला दोरा बांधायचा, हे कॉलेजात आमच्याकडून घोकून घेतलं होतं. दोरा बाहेरच्या कपाटात राहिला होता. करिष्मा आणायला निघाली, तर मीच म्हटलं, राहू दे.
हातमोजा ओला होता. ड्रायव्हर निसटला. काका जोरात ठसकले, डोळ्यांत पाणी आलं, मग शांत झाले. घशात काहीतरी गेलं म्हणाले. थुंकी अडकली असेल, असं मी सांगितलं. दुसऱ्या ड्रायव्हरने कॅप आवळली. काका आरशात बघून खूश.
लगेच छातीचा एक्स-रे काढायला पाठवायला हवं होतं. करिष्माला सांगितलं, ड्रायव्हर बेसिनमधून वाहून गेला.

११ नोव्हेंबर, मंगळवार
काका आले. दात शिट्टी मारतोय म्हणाले. सोबत त्यांच्या बायको कौशल्याबाई होत्या, त्यांनी टोमणा मारला, “या वयात शिट्ट्या मारत फिरत्यात, लोक काय म्हनतील!”
मी कान जवळ नेला. श्वासागणिक बारीक शिट्टी येत होती. दातातून नाही, खालून, छातीतून. आता सांगायचंच होतं. पण मी दात थोडा घासून गुळगुळीत केला आणि त्यांना घरी पाठवलं. जाताना काकांनी पावट्याच्या शेंगांची पिशवी टेबलावर ठेवली. मला शेंगांना हात लावावेना.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
कंपनीतला एक मुलगा दाढ दाखवायला आला. त्याने तोंड उघडलं आणि तीच शिट्टी. पुढच्या बाईंच्या तोंडातूनही. करिष्माला काही ऐकू येत नाही. मॅडम, जेवला नाहीत का, असं मलाच विचारत होती.

१७ नोव्हेंबर, सोमवार
काकांना ताप आहे. फोन कौशल्याबाईंनी घेतला. मोठ्या दवाखान्यात नेऊ का, असं विचारत होत्या. तिथे छातीचा फोटो काढतील, त्यात दिसेल— खोकल्याचं औषध द्या म्हटलं. बरं वाटेल म्हटलं. मी म्हटलं.

१९ नोव्हेंबर
काका पहाटे गेले. उत्कर्षा मॅडमचा फोन होता. तुझ्या कामावर फार खूश होते, म्हणाल्या.
शिट्टी आता रिकाम्या खुर्चीतून—

२२ नोव्हेंबर
दुपार. कौशल्याबाई आल्यात, बाहेर बाकावर बसल्यात. करिष्माला सांगत होत्या, मालकांचा श्वास थांबला तरी शिट्टी थांबेना. सरणापर्यंत वाजत होती. घरात आता आवाज नाही, म्हणून करमत नाही.
सांगते. आत्ताच सांगते. आधी इथे दार लावून म्हणून पाहिलं, मावशी, त्या दिवशी— तोंडातून शब्द आला नाही. शिट्टी आली.
पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तीच. श्वास धरून ठेवला, तरी—
बाहेर त्या उठल्या. दाराशी आल्या. आवाज किती हलका झालाय त्यांचा, नवऱ्याशी बोलावं तसा.
“अवं, तुमी हितं हाय व्हय?”
कडी हलतेय. बोलता येत नाही, लिहूनच दाखवते. मावशी, तुमच्या मालकांच्या छातीत मी—